पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यांची पारख व निवड

(इयत्ता ६ वी ते ८ वीच्या वर्गांना हस्तव्यवसाय व सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

१. प्रास्ताविक

हस्तव्यवसायाच्या तासाला पूर्वी पुठ्ठा, बांबू, माती, सूत व लाकूड एवढेच साहित्य हाताशी असे. आता त्यांच्या जोडीला आणखी एक साहित्य आले आहे. बोलण्यात आपण त्यास ‘प्लॅस्टिकची काच’ म्हणतो. बाजारात त्यास ‘शीट’ म्हणतात. विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती, नकाशाची चौकट, यंत्राचे झाकण, पाण्याची टाकी अशा नाना कामी हा पारदर्शक पत्रा वापरला जातो. काचेपेक्षा तो हलका असतो, कापावयास सोपा असतो आणि पडला तर बहुधा फुटत नाही, म्हणून शिक्षकांचा ओढा त्याकडे असणे स्वाभाविक आहे.

परंतु ‘प्लॅस्टिकची काच’ हा एकच पदार्थ नव्हे. दिसावयास सारखे, पण गुणाने अगदी निराळे असे निदान पाच पदार्थ या एका नावाखाली विकले जातात. प्रस्तुत लेखकास याचा धडा चांगलाच मिळालेला आहे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी जमिनीच्या पोटातील पाण्याची प्रतिकृती करावयास घेतली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, आणि समोर पारदर्शक भिंत, अशी ती योजना होती. पत्रा एका दुकानातून ‘ॲक्रिलिक’ म्हणून आणला. मुलांनी त्यास भोके पाडली, स्क्रू घट्ट आवळले, आणि प्रदर्शनाच्या सकाळी पाणी भरले. तासाभरात एका स्क्रूच्या भोकापासून तडा निघाला, भिंत फुटली, आणि एक टोकदार तुकडा जवळ उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्याखाली बोटभर अंतरावर लागला. जखम लहान होती व ती लवकर बरी झाली. परंतु ते बोटभर अंतर आजही विसरता येत नाही. पुढे तपास करता पत्रा ॲक्रिलिकचा नसून पॉलिस्टायरीनचा होता, असे आढळले. दोष केवळ दुकानदाराचा नव्हता. आणलेली वस्तू पारखून घेणे हे शिक्षकाचे काम होते, आणि ते झाले नव्हते.

म्हणून या लेखात तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत : हे पत्रे कोणते, ते विनासायास व विनाधोका कसे ओळखावेत, आणि कोणत्या कामास कोणता घ्यावा.

२. पाच भावंडे

*ॲक्रिलिक.* पारदर्शकतेत हा सर्वांत सरस. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. ऊन-पावसात तो वर्षानुवर्षे पिवळा पडत नाही. त्याचा पृष्ठभाग बराच कठीण असल्याने ओरखडे कमी पडतात. उणीव एकच, पण मोठी : जोराचा आघात झाल्यास तो फुटतो. दुकानांचे चकचकीत नामफलक आणि दुचाकीच्या मागील दिव्याचे तांबडे आवरण ही बहुधा ॲक्रिलिकची असतात.

*पॉलिकार्बोनेट.* १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल व अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांस नकळत हा पदार्थ शोधून काढला. चिवटपणात याला तोड नाही. हातोडीचा घावदेखील तो बहुधा सोसतो. दुचाकीच्या पुढील दिव्याचे आवरण, शिरस्त्राणाचा पुढचा पारदर्शक पडदा, गाण्याच्या चकत्या, म्हणजे ‘सीडी’, या त्याच्याच. उणिवा दोन : ओरखडे लवकर पडतात, आणि वरून खास थर दिलेला नसल्यास उन्हात तो पिवळा पडून कमकुवत होतो. किमतीनेही तो बहुधा ॲक्रिलिकपेक्षा महाग असतो.

*पॉलिस्टायरीन.* सर्वांत स्वस्त व सर्वांत ठिसूळ. सीडी ठेवण्याची पारदर्शक डबी याची असते. आपल्या परिचयाचा थर्माकोल हाही तोच पदार्थ. त्यात हवा भरून फुगविलेली असते, एवढाच फरक. पेट्रोल, थिनर वा ॲसिटोन लागताच तो विरघळू लागतो.

*पीव्हीसी.* पाण्याच्या नळ्यांचा हा पदार्थ पारदर्शक पत्र्याच्या रूपातही मिळतो. तो वाकतो, सहसा तुटत नाही. परंतु सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. त्यात क्लोरीन असते. त्यामुळे तो जळू लागला की हायड्रोजन क्लोराइड नावाचा झोंबणारा, घशास व फुप्फुसांस अपायकारक वायू निघतो. हे वाक्य शिक्षकांनी विशेष ध्यानी ठेवावे.

*पेट.* पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या याच्या. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी तो प्रथम तयार केला. याचाच एक प्रकार ‘पेट-जी’ या नावाने पत्र्याच्या रूपात मिळतो. तो चिवट असतो व सहज वाकविता येतो. मात्र उष्णता त्यास फारशी सोसत नाही.

विद्यार्थ्यांना गोडी वाटावी म्हणून ॲक्रिलिकची एक हकिगत येथे देतो. दुसऱ्या महायुद्धात विमानचालकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत ॲक्रिलिकचे असे. लढाईत ते फुटून त्याचे कण चालकांच्या डोळ्यांत शिरत. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्यास असे आढळले की, या कणांनी डोळा सहसा बिथरत नाही. त्यावरून त्याने मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसविण्याचे भिंग ॲक्रिलिकचे करण्याचे ठरविले, आणि १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. १९९२ पासून मदुराई येथे अशी भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली व गोरगरिबांस ती परवडू लागली. आपल्या गावातील ज्या आजीआजोबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांत याच पदार्थाचे भिंग आहे. विद्यार्थ्यांस हे सांगितले की ‘प्लॅस्टिक म्हणजे टाकाऊ वस्तू’ ही समजूत आपोआप दूर होते.

३. ओळखीच्या कसोट्या

कसोट्या सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत. एकाच कसोटीवर निर्णय देऊ नये. निदान दोन कसोट्यांचे एकमत झाले पाहिजे.

*(अ) पाहणे व ऐकणे.* पत्र्याची कड डोळ्यांसमोर धरून पाहावी. ॲक्रिलिकची कड स्वच्छ व चमकदार दिसते. पॉलिकार्बोनेटची काळसर वा निळसर करडी दिसते. नखाने वा पेन्सिलीने टिचकी मारावी. पॉलिस्टायरीन धातूच्या पातळ पत्र्यासारखा ‘टिण्’ असा आवाज देतो. इतरांचा आवाज बोथट असतो. पत्र्यावरील संरक्षक कागदावर नाव छापलेले असल्यास तो कागद फेकून देऊ नये, जपून ठेवावा.

*(आ) साखरेच्या पाण्याची कसोटी.* ही या पाठाची मुख्य कृती होय. हिला विस्तव लागत नाही, विषारी द्रव्य लागत नाही, आणि घनतेचा पाठ हिच्यातून आपोआप शिकविला जातो. आपल्या जिल्ह्यास ऊस व साखर नवी नाहीत. कारखान्यात रसातील साखरेचे प्रमाण ‘ब्रिक्स’ या मापाने मोजतात. शंभर ग्रॅम द्रवात पन्नास ग्रॅम साखर असेल तर तो पन्नास ब्रिक्सचा द्रव. तेच माप आपण येथे वापरणार आहोत.

साहित्य : साखर, पाणी, तराजू, काचेचे दोन पेले, किंचित साबणाचे पाणी, आणि पत्र्यांचे नखाएवढे तुकडे.

पहिला पेला : १०० ग्रॅम साखर ३०० ग्रॅम (म्हणजे ३०० मि.लि.) पाण्यात विरघळवावी. या द्रवाची घनता सुमारे १.१० होते.

दुसरा पेला : २५० ग्रॅम साखर २५० ग्रॅम पाण्यात विरघळवावी. याची घनता सुमारे १.२३ होते. साखर विरघळावी म्हणून पाणी कोमट केले असल्यास द्रव पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम द्रवाची घनता कमी भरते.

साखर मापाने न घेता वजनाने घ्यावी. तुकडे साबणाच्या पाण्यात बुडवून मग सोडावेत, म्हणजे त्यांस हवेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. तुकडा काडीने पूर्ण बुडवून सोडावा आणि तो वर येतो की खाली जातो, ते पाहावे. नुसता पृष्ठभागावर ठेवल्यास जड तुकडाही तरंगल्यासारखा दिसतो.

पदार्थांची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) अशी आहे :

पॉलिस्टायरीन – १.०५
ॲक्रिलिक – १.१९
पॉलिकार्बोनेट – १.२०
पेट-जी – १.२७
पीव्हीसी व बाटलीचा पेट – सुमारे १.३३ ते १.४०

यावरून निष्कर्ष असा निघतो : जो तुकडा पहिल्या पेल्यातच तरंगतो, तो पॉलिस्टायरीन. जो पहिल्यात बुडतो पण दुसऱ्यात तरंगतो, तो ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. जो दोन्हींत बुडतो, तो पेट किंवा पीव्हीसी. साध्या पाण्यावरच जो तरंगतो, तो या पाचांपैकी नव्हेच. तो पॉलिथीन वा पॉलिप्रोपिलीन असावा.

अज्ञात तुकड्याआधी ओळखीच्या वस्तू घालून पेल्यांची परीक्षा घ्यावी. घरोघरी भजन-कीर्तनाच्या जुन्या सीडी पडून असतात. सीडीचा तुकडा पॉलिकार्बोनेट, तिच्या पारदर्शक डबीचा तुकडा पॉलिस्टायरीन, पाण्याच्या बाटलीचा तुकडा पेट. हे तिन्ही अपेक्षेप्रमाणे वागले, तर द्रव बरोबर झाला असे समजावे. सीडीचा तुकडा दुसऱ्या पेल्यात बुडत असेल तर साखर कमी पडली. हे तुकडे शिक्षकांनी आधी कापून ठेवावेत. सीडी तुटताना तिच्या कडा धारदार होतात. प्रयोगानंतर ते साखरपाणी कोणी पिऊ नये.

*(इ) वाकविणे.* ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट यांच्या घनतेत फरक अगदी थोडा, म्हणून तेथे ही कसोटी लागते. दीड-दोन मि.मी. जाडीची बोटभर रुंद पट्टी घ्यावी, तिला जाड कापड गुंडाळावे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा, आणि पकडीने वाकवावी. ॲक्रिलिक थोडे वाकून खाडकन तुटते; पॉलिकार्बोनेट काटकोनात वाकले तरी तुटत नाही. ही कृती शिक्षकांनीच करावयाची आहे. पीव्हीसीची पट्टी वाकविल्यास वाकल्या जागी पांढुरकी रेघ उठते.

*(ई) पेन्सिल.* एच.बी. पेन्सिलीचे टोक पत्र्यावर तिरके धरून जोराने ओढावे व रेघ ओल्या कापडाने पुसावी. पॉलिकार्बोनेटवर ओरखडा मागे राहतो. ॲक्रिलिकवर सहसा राहत नाही.

*(उ) तांब्याची तार.* पेट व पीव्हीसी यांतील भेद निश्चित करावयाचा असल्यास तांब्याची तार ज्योतीत लाल तापवावी, ज्योतीचा रंग साधा झाला की ती तार पत्र्यास टेकवावी, आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पत्रा पीव्हीसीचा आहे. ही कृती शिक्षकांनी एकट्याने, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, तारेस लागेल तेवढ्याच कणावर करावी. विद्यार्थ्यांकडून ती मुळीच करवू नये.

काही पुस्तकांत तुकडा जाळून वासावरून ओळखण्याची रीत दिलेली असते. ती आपल्या शाळांत नको. मुलांना वास घेऊन पाहावयास सांगणे म्हणजे त्यांच्या फुप्फुसांवर प्रयोग करणे होय. साखरेच्या पाण्याने जे कळते, त्यासाठी धूर करण्याचे कारण नाही.

४. कोणत्या कामास कोणता पत्रा

निवड करताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत : आघात होईल काय? उष्णता लागेल काय? ऊन-पाऊस लागेल काय? आणि इतके करूनही हा पत्रा विकत घेण्याची गरज आहे काय?

*पर्जन्यमापक.* आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे. शाळेत पर्जन्यमापक असलाच पाहिजे. त्यासाठी पत्रा विकत घेण्याचे कारण नाही. सरळ बाजूंची पाण्याची बाटली पुरते. चौथ्या प्रश्नाचे हे उत्तम उदाहरण होय.

*भूजलाची प्रतिकृती.* येथे ॲक्रिलिक योग्य. जाडी किती असावी, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. भिंत ६० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच आहे असे समजा. तळाशी पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, वर शून्य. म्हणून सरासरी १५ ग्रॅम. भिंतीचे क्षेत्रफळ १,८०० चौ. सें.मी. गुणाकार २७,००० ग्रॅम, म्हणजे २७ किलो. एक धडधाकट विद्यार्थी त्या भिंतीवर रेलून उभा आहे, असाच हा भार आहे. आणि ओल्या मातीचा रेटा त्याहून अधिक. टाकी पुढून मागे कितीही अरुंद केली तरी पाण्याचा हा भार कमी होत नाही. दोन-तीन मि.मी.चा पत्रा येथे फुगतो व तडकतो, ६ मि.मी.चा घ्यावा व वरच्या काठास आडवी पट्टी द्यावी. शिवाय पत्रा लाकडी चौकटीच्या बाहेरून न ठोकता आतून बसवावा. म्हणजे पाण्याचा रेटाच त्यास चौकटीवर दाबून धरतो, आणि सर्व भार स्क्रूंवर येत नाही. वर सांगितलेल्या अपघातात पत्रा चुकला होता, तशी ही रचनाही चुकली होती.

*यंत्राचे झाकण.* फिरणारे चाक, सहाणयंत्र किंवा पंखा यांच्यासमोर आडपडदा हवा असेल, तर तो पॉलिकार्बोनेटचाच हवा, निदान ३ मि.मी. जाडीचा. येथे ॲक्रिलिक वापरल्यास आघाताने त्याचेच तुकडे उडतात आणि रक्षणासाठी लावलेली वस्तू इजेचे कारण होते. मुलांच्या डोळ्यांसाठीचे चष्मे मात्र शाळेत तयार करू नयेत. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेलेच आणावेत.

*सूर्यचूल.* पेटीच्या सूर्यचुलीत १०० अंशांहून अधिक उष्णता होऊ शकते. पॉलिस्टायरीन, पीव्हीसी व पेट तेथे टिकणारच नाहीत. ॲक्रिलिकही सुमारे १०० अंशांला मऊ पडते व झाकण खाली बसते. पॉलिकार्बोनेट सुमारे १४५ अंशांपर्यंत आकार सोडत नाही. परंतु त्यावर ओरखडे पडतात व किंमतही अधिक. येथे साधी, शक्यतो कडक केलेली काच हाच योग्य पर्याय होय. नव्या वस्तूच्या मोहाने जुनी चांगली वस्तू टाकू नये.

*नकाशा, चित्र वा तक्त्याचे आवरण.* येथे ना आघात, ना उष्णता. स्वस्तातला पातळ पेट पुरेसा आहे.

*उघड्यावरील सूचनाफलक.* ॲक्रिलिक घ्यावे. पॉलिकार्बोनेट घेतल्यास त्याची ऊन सोसणारी बाजू संरक्षक कागदावर छापलेली असते. तीच बाहेर ठेवावी.

*सूर्यग्रहण.* येथे उत्तर एकच : कोणताही नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्या भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या वेळी कोणी पत्र्यास काजळी लावून मुलांच्या हाती देईल. सूर्य त्यातून मंद दिसला तरी डोळ्यास जाळणारे किरण आत जातच असतात, आणि डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही. ग्रहणासाठी प्रमाणित चष्मे वापरावेत, किंवा पुठ्ठ्यास सुईने भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर दाखवावी.

५. कापणे, भोक पाडणे व जोडणे

संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. ॲक्रिलिकचा तीन मि.मी.पर्यंतचा पत्रा कापताना लोखंडी पट्टीच्या आधाराने कटरने त्याच रेघेवर पुनःपुन्हा ओढून खोल चर पाडावी, चर मेजाच्या कडेवर आणावी, वर कापड ठेवावे आणि एकदम खाली दाबावे. पत्रा सरळ तुटतो. पॉलिकार्बोनेट असा तुटत नाही. तो बारीक दातांच्या करवतीनेच कापावा लागतो. करवत सावकाश चालवावी, नाहीतर प्लॅस्टिक वितळून पात्यास चिकटते.

लोखंडासाठीचे ड्रिल ॲक्रिलिकमध्ये एकदम घुसते व तडा पाडते. म्हणून त्याची धार दगडावर किंचित बोथट करावी, पत्र्याखाली लाकडी फळी दाबून धरावी, आणि शेवटी दाब कमी करावा. भोक स्क्रूपेक्षा एक-दीड मि.मी. मोठे ठेवावे. कारण ध्यानात घ्या : तापमान ३० अंशांनी वाढले तर एक मीटर लांबीचा ॲक्रिलिकचा पत्रा सुमारे २ मि.मी. वाढतो. काच याच्या आठव्या हिश्श्याहून थोडी कमी वाढते. आपल्याकडे पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत एवढे अंतर सहज पडते. आवळून बसविलेला पत्रा हिवाळ्यात ठीक दिसतो व उन्हाळ्यात स्क्रूपाशी तडकतो, त्याचे मर्म हेच.

जोडण्यासाठी ‘फेविक्विक’सारखा गोंद वापरल्यास सांध्याजवळ पांढुरका धूसरपणा येतो. क्लोरोफॉर्मसारखे द्रावक ॲक्रिलिकचा सांधा उत्तम जोडते. परंतु त्याची वाफ अपायकारक असल्याने ते काम शिक्षकांनी उघड्या ओट्यावर, मुलांस दूर ठेवून करावे. द्रावक शाळेत उघडे ठेवू नये. शाळेस सोयीची रीत म्हणजे लाकडी चौकट, स्क्रू आणि फटीत सिलिकॉन. आंबट वास न येणारे सिलिकॉन घ्यावे. ते पॉलिकार्बोनेटलाही चालते.

पुसताना कोरडे फडके, स्पिरिट, पेट्रोल वा थिनर वर्ज्य. धुळीने ओरखडे पडतात आणि द्रावकाने बारीक तडे जातात. किंचित साबणाचे पाणी व मऊ ओले सुती कापड पुरे.

६. कापणीयंत्र व उरलेले तुकडे

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला आणि ग्रामीण शाळांत हाताने काम करीत शिकण्याची पद्धत रुजविली. पुढे २००२ साली तेथे आधुनिक कार्यशाळा उभी राहिली. आता ठिकठिकाणी प्रकाशकिरणांनी पत्रा कापणारी ‘लेझर’ यंत्रे आली आहेत, आणि आपल्यापैकी काहीजण प्रदर्शनासाठी तालुक्याच्या वा शहराच्या गावाहून पत्रा कापून आणतात. तेथे पारख विशेष महत्त्वाची. ॲक्रिलिक या यंत्रात सुरेख कापले जाते. पॉलिकार्बोनेट काळपट होते. पीव्हीसी मात्र या यंत्रात कधीही घालू नये. त्यातून निघणारा वायू माणसास अपाय करतो व यंत्रही गंजवितो. पत्रा कशाचा आहे याची खात्री नसेल, तर साखरेच्या पाण्याची कसोटी झाल्यावाचून तो यंत्रावर देऊ नये.

उरलेले तुकडे शाळेमागे जाळण्याची सवय सोडली पाहिजे. महाराष्ट्रात २०१८ साली एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. टिकाऊ पत्र्यांचा वापर त्यात येत नाही, परंतु कचरा न करण्याचा त्यामागील हेतू आपणांसही लागू आहे. तुकडे प्रकारवार निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावेत. मोठे तुकडे पुढील वर्षाच्या मुलांना उपयोगी पडतात. लहान भंगारवाल्यास द्यावेत.

७. पाठाचे टाचण

विषय : घनतेवरून पदार्थ ओळखणे. वेळ : दोन तासिका.

पूर्वज्ञान : लाकूड तरंगते, लोखंड बुडते, हे विद्यार्थ्यांस माहीत आहे.

हेतुकथन : सारख्या दिसणाऱ्या वस्तू सारख्या नसतात, त्यांची परीक्षा कशी घ्यावी, ते आज पाहू.

कृती : वर्गाचे चार-पाच गट पाडावेत. प्रत्येक गटास क्रमांक घातलेले चार तुकडे द्यावेत. नावे सांगू नयेत. साध्या पाण्यात, पहिल्या पेल्यात व दुसऱ्या पेल्यात काय होते, ते गटाने वहीत लिहावे. निरीक्षण पूर्ण झाल्यावरच फळ्यावर घनतेचा तक्ता द्यावा आणि निष्कर्ष विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. दोन गटांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर कोण चुकले हे शिक्षकांनी सांगू नये. प्रयोग पुन्हा करावयास लावावा.

उपयोजन : ‘आपल्या शाळेतील पाण्याच्या टाकीची पातळी बाहेरून दिसावी म्हणून खिडकी बसवावयाची आहे. कोणता पत्रा घ्याल? का?’ उत्तर एका शब्दात घेऊ नये, कारणासह घ्यावे.

८. केंद्रसंमेलनासाठी सूचना

प्रत्येक शाळेने एक नमुना-पेटी तयार करावी. पाचही पदार्थांची बोटभर पट्टी, तिच्यावर नाव, जाडी, आणल्याची तारीख, व तिने कोणत्या कसोट्या पार केल्या, एवढे लिहिलेले असावे. एका शाळेस पाचही न मिळाल्यास केंद्रातील शाळांनी आपसांत वाटून घ्यावेत. अशी पेटी जवळ असली म्हणजे दुकानात उभे राहून ‘हा कशाचा?’ असे विचारून दुसऱ्याच्या उत्तरावर विसंबावे लागत नाही. एक तुकडा मागून आणावा, शाळेत पारखावा, मग पत्रा घ्यावा. जो दुकानदार तुकडा देण्यास नाखूश असेल, त्याच्याकडून मुलांच्या कामासाठी पत्रा घेऊ नये.

मननासाठी प्रश्न

१. दुसऱ्या पेल्यात तरंगलेला तुकडा ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट, हे ठरविण्यासाठी कोणत्या दोन कसोट्या घ्याल?

२. ४० सें.मी. रुंद व २० सें.मी. उंच भिंतीवर पाण्याचा एकूण भार किती येईल?

३. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३ मि.मी. जाड ॲक्रिलिकच्या पत्र्याचे वजन किती? काचेची घनता २.५ धरल्यास तेवढ्याच काचेचे किती?

४. आपल्या शाळेत सध्या असलेल्या प्रतिकृतींपैकी कोणत्या प्रतिकृतीत चुकीचा पत्रा वापरला गेला असावा? त्याची परीक्षा या आठवड्यात घ्या.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून भागणार नाही. कपाटावर धूळ खात पडलेली एखादी टाकी, पंख्यासमोर लावलेला एखादा पडदा आज काढून पाहावा. जो तुकडा फुटावयाचा आहे, तो मुलांसमोर न फुटता शिक्षकाच्या पकडीत फुटलेला बरा.